पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा



बदलापुरात, आमच्या हेंद्रेपाड्याच्या बाजूला राहणाऱ्याला डोंगराचे वेड मुद्दाम लावून घ्यावे लागत नाही. जवळून उल्हास नदी वाहते, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे पाहिले की चंदेरीचा सुळका दिसतो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळच्या गाडीने तरुण मंडळी उतरतात. सगळ्यांच्या पाठीवर सॅक, आणि एखाद्याच्या गळ्यात कॅमेरा. त्याची चाल जरा पाहा. एक हात कॅमेऱ्यावर, दुसरा घसरणाऱ्या पट्ट्यावर. डोंगर अजून दूर आहे आणि गृहस्थाचे दोन्ही हात स्टेशनातच अडकले!

हसू नका. तो गृहस्थ एकेकाळी मीच होतो. विद्यार्थ्यांबरोबर चंदेरी चढत होतो. वरच्या घळीत मुरमाचा घसारा आहे. तिथं ओणवं होऊन, हात टेकत चढावं लागतं. मी वाकलो, तसा गळ्यातला कॅमेरा पुढे झुलला आणि खडकावर आपटला. तो सावरायला मी धरलेली कारवी सोडली. आठ-दहा फूट घसरलो. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण माझ्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या मुलाच्या खांद्याला चाटून गेला. तो आवाज अजून कानात आहे. कॅमेरा आधी वाचवायचा, ही बुद्धी मला त्या क्षणी का झाली, याचे उत्तर एवढेच की तो मी नीट बांधला नव्हता.

आता असे पाहा. भिंग लावलेला मोठा कॅमेरा किलो-सव्वा किलोचा असतो. गळ्यात टांगला की तो घड्याळाचा लंबकच. पाठीवरची सॅक मागे ओढते म्हणून आपण पुढे झुकतो. झुकलो की कॅमेरा छातीपासून सुटतो आणि प्रत्येक पावलागणिक मानेला हिसका देतो. शिवाय त्याचा पट्टा सॅकच्या पट्ट्यांखाली गेला, तर फोटोच्या वेळी कॅमेरा वर येत नाही. वरून घातला, तर खांद्यावरून घसरतो. शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात सहज दाखवता येईल. पाण्याची भरलेली बाटली कापडी पिशवीत घालून मुलाच्या गळ्यात अडकवा आणि त्याला सपाट जागी वाकून चालायला सांगा. मग तीच बाटली उपरण्याने पोटाशी बांधा. वजन तेच, पण मूल आपणहून सांगेल.

आपल्या बायाबापड्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. मूल पाठीशी बांधून मोळी आणणारी बाई ते अंगाला घट्ट बांधते. कावडीवाला पुढचे आणि मागचे ओझे सारखे करतो.

कॅमेऱ्याचेही तसेच करावे. सॅकच्या दोन्ही खांदेपट्ट्यांवर, छातीच्या उंचीला, एकेक मजबूत कडी शिवून घ्यावी. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना आखूड पट्टे लावून ते आकड्यांनी या कड्यांत अडकवावे. मान मोकळी होते, भार खांद्यांवर जातो, आणि मागच्या ओझ्याला पुढून थोडा तोल मिळतो. छातीवरून आडवी एक पट्टी घेतली की झुलणे थांबते. खांदेपट्ट्यावर कॅमेरा पकडून ठेवणारा तयार चिमटाही बाजारात मिळतो. चांगला आहे, पण स्वस्त नाही. कड्यांच्या पद्धतीत एक खोड आहे, ती आधीच सांगतो: सॅक उतरवण्यापूर्वी कॅमेरा सोडवायला विसरलात, तर तो सॅकबरोबर जमिनीवर आदळेल. कॅमेरा पोटावर फार खालीही नको. उतरताना स्वतःचे पाऊल दिसत नाही.

ही अडचण जुनीच. सॅम्युअल बोर्न याने 1866 साली हिमालयात मणिरंग खिंडीत, 18,000 फुटांहून उंच जागी फोटो काढले, तेव्हा काचा, रसायने आणि तंबू वाहायला हमालांचा तांडाच बरोबर होता. पुढे 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टवर तेनसिंगचा तो प्रसिद्ध फोटो काढणाऱ्या हिलरीने आपला छोटा कॅमेरा थंडीपासून जपायला कपड्यांच्या आत, अंगाशी ठेवला होता.

मात्र घसारा, कातळ किंवा भरलेला ओढा समोर आला, की कड्याबिड्या विसराव्यात. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरळ सॅकच्या पोटात घालावा. तेवढ्या वाटेचा फोटो नाही मिळाला तरी चालेल.

माझ्या सॅकच्या कड्या स्टेशनाजवळच्या चपला शिवणाऱ्या कारागिराने शिवल्या. शिवून झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि विचारले, “सर, यात टांगणार काय?” मी कॅमेरा दाखवला. तो हातात घेऊन त्याने वजन अजमावले, आणि काही न बोलता सुईत पुन्हा दोरा ओवला.