पहिलं गाणं कुणाचं?

१९ नोव्हेंबर १९९३ ला अक्राणी तालुक्यात, चिंचखेडीला, धरणाच्या सर्वेक्षणाला लोकांनी विरोध केला. पोलिसांनी गोळी चालवली. पंधरा वर्षांचा आदिवासी मुलगा, रेहमल पुन्या वसावे, मारला गेला.

अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारत. त्यावरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ बिली हॉलिडेनं १९३९ साली गायलं. आजही ते ऐकताना माणसं गप्प होतात. फाईल बंद होते, गाणं बंद होत नाही.

पण आपल्या शिबिरांत आम्ही शहरी मराठीतली गाणी शिकवतो आणि पावरी बोलणाऱ्या बाया नुसत्या टाळ्या वाजवतात. बाजारात, पोलीस ठाण्यात त्यांना काय ऐकावं लागतं, ते आपल्याला कुठून सुचणार? पुढच्या शिबिरात पहिलं गाणं त्यांचं, त्यांच्या बोलीतलं. टाळ्या आपण वाजवू.