मुक्या जिवाची सेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, मला भाषण येत नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मोत्याचे सांगा," म्हणून उभी राहिले आहे.

मोत्या आमच्या दारचा कुत्रा. अकरा वर्षे त्याने आमची तुरीची पोती राखली. गेल्या थंडीत त्याचे मागचे पाय धरले. शहाबादी फरशीवर पाय घसरत आणि एकदा बसला की उठवेना. घरात बोलणे निघाले, "स्टेशनापलीकडे सोडून यावे." मला ते सोसवेना. तान्ह्या लेकरांना चोळणारे हात आपले. म्हटले, यालाही चोळून पाहू.

पण पहिल्याच दिवशी चुकले. सासूबाईंचा गुडघ्याचा बाम मी त्याला लावला. त्याने तो चाटला आणि दिवसभर ओकत राहिला. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी मला चार शब्द सुनावले. कापराचा बाम कुत्र्याच्या पोटात जाणे घातक, आणि माणसाची दुखण्याची गोळी तर अर्धीसुद्धा देऊ नये. पाय तपासून हा म्हातारपणचा संधिवात आहे असे त्यांनी सांगितले, औषध दिले व चोळण्याची रीत दाखवली.

ती अशी. कोमट पाण्यात पिळलेले फडके आधी आपल्या मनगटाला लावून पाहावे, मग दहा मिनिटे त्याच्या मांडीवर ठेवावे. नंतर कोरड्या हाताने, तेल न लावता, पंजाकडून वर अंगाकडे हात फिरवावा. भाकरीचे पीठ मळतो तसा जोर नको. हाडावर, दुखऱ्या सांध्यावर, पाठीच्या कण्यावर दाब देऊ नये. पाच-दहा मिनिटे पुरे. झिजलेला सांधा चोळून भरत नाही. पण दुखरा पाय वाचवताना सगळा भार पुढे येऊन खांदे आखडतात, म्हणून तेही हलके चोळावेत.

त्याने अंग आखडले, कान मागे घेतले किंवा मान वळवून हाताकडे पाहिले, की हात काढावा. दुखावलेला कुत्रा घरच्यालाही चावतो. चावलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. सूज, जखम, ताप असेल किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर चोळू नये; दवाखाना गाठावा.

भगिनींनो, मोत्या काही पळू लागला नाही. पण सकाळी दार उघडले की आपणहून उठतो आणि उंबऱ्यापर्यंत येतो. फरशीवर आता गोणपाट असते. ते रात्री कोण अंथरते, ठाऊक आहे? सोडून या म्हणणारेच!

ज्याने आपले दार राखले, त्याला म्हातारपणी दाराबाहेर काढू नये, एवढेच माझे सांगणे.