महूचे विद्यापीठ आणि बडोद्याच्या दोन शिष्यवृत्त्या

(महाजनांच्या विद्यार्थी-गौरव समारंभात झालेले व्याख्यान)



परीक्षांचे निकाल लागले की महाजन कुटुंबांतून अलीकडे इंदूरचे नाव वारंवार ऐकू येते. १९९६ मध्ये सुरू झालेली व्यवस्थापन संस्था राऊच्या परिसरात आहे, आणि २००९ मध्ये स्थापन झालेली आयआयटी आज सिमरोळला उभी आहे. मुलाला तेथे पोहोचवावयास गेलेले आईवडील ओंकारेश्वराचे व उज्जयिनीच्या महाकालाचे दर्शन घेऊन समाधानाने घरी परततात. याच टापूत महू आहे. १८१८ मध्ये वसविलेल्या या लष्करी छावणीच्या गावाला २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर असे अधिकृत नाव मिळाले. तेथे डोंगरगावच्या बाजूस सामाजिक शास्त्रांना वाहिलेले एक लहान विद्यापीठ आहे. पूर्वीच्या संशोधन संस्थेचे रूपांतर होऊन गेल्या दशकात ते आकारास आले, आणि त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. तिकडे मात्र महाजनांच्या मुलामुलींची पावले सहसा वळत नाहीत. ती का वळत नाहीत, याचाच थोडा विचार येथे कर्तव्य आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. मूळ घर कोकणातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. त्याच १८९१ साली इंदुरात होळकर महाविद्यालय निघाले, हा एक योगायोग. परंतु छावणीतल्या त्या बालकास त्याचा लाभ व्हावयाचा नव्हता. वडील निवृत्त झाले, कुटुंब प्रथम दापोलीस व पुढे साताऱ्यास गेले, आणि महू सुटले. म्हणजे ज्या गावी त्यांच्या नावाने विद्यापीठ उभे आहे, त्या गावी त्यांनी पाटीही हातात धरली नसावी.

‘कला शाखेत जाऊन मिळणार काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो विचारणारे आईबाप काही मूर्ख नव्हेत. पोटाची चिंता खरी असते. त्याचे एक उत्तर कोलंबिया विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेले आहे. १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत आंबेडकरांनी तेथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक धडेही गिरविले. अर्थशास्त्राची पदवी घ्यावयास गेलेला हा विद्यार्थी ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे तेथे काय काम, असे त्यास कोणी विचारले नाही. पुढे घटनेच्या मसुद्यावर बसलेल्या माणसाची तयारी ही अशी झाली होती. एकाच विषयाच्या खिडकीतून ती झाली नसती.

स्वतः महाविद्यालय काढण्याची वेळ आली तेव्हा हेच त्यांच्या मनात असावे. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय असा हा क्रम आहे. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्यांची स्वतःची संसद होती, आणि तीत बाबासाहेबांनीही भाषण केले होते.

लहान विद्यापीठाचे गुण याच जातीचे असतात. वर्गात वीस-पंचवीस विद्यार्थी असले तर कोण गप्प बसला आहे हे अध्यापकास दिसते. निबंध वाचणाऱ्यास समोरून प्रश्न येतो आणि उत्तर देताना घाम फुटतो. तो घामही शिक्षणाचाच भाग होय. महूभोवतीचा प्रदेश तर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास उघडी पोथीच आहे. एका बाजूस चंबळेचे उगमस्थान असलेला जानापावचा डोंगर, घाटाखाली निमाड आणि भिल्लांच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूस पीथमपूरचे कारखाने, मध्ये लष्करी छावणी. शेती, स्थलांतर, मजुरी, जात, भाषा यांतला कोणताही विषय घ्यावा आणि दिवस मावळण्यापूर्वी वसतिगृहावर परतावे. असे काम केलेल्या मुलास पुढे अध्यापन, संशोधन, समाजकार्य, प्रशासन, पत्रव्यवसाय अशा वाटा खुल्या असतात. लहान संस्थेच्या मर्यादाही असतात: विषयांची निवड थोडी, शहर दूर, नावाचा दबदबा नाही. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन ग्रंथालय पाहावे आणि अध्यापकांशी बोलावे, हे उत्तम. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी वस्ती आहे. मुलास अगदीच परके वाटणार नाही.

आता शिष्यवृत्त्यांविषयी. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना आंबेडकरांचा खर्च भागेना, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांची सयाजीराव महाराज गायकवाडांशी गाठ घालून दिली, आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. कोलंबियासही बडोद्याच्याच साहाय्याने जाता आले. याच सयाजीरावांकडून आणखी एका माणसास दरमहा ५० रुपये मिळत होते, आणि तो माणूस गोमंतकातला, सांकवाळचा, सारस्वत: आचार्य धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ चा, शाळा जेमतेम. पुण्यास संस्कृत शिकण्यासाठी घर सोडले, काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन केले, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घातले. कलकत्त्यास अधिक वेतन मिळत असता ते सोडून त्यांनी हे ५० रुपये पत्करले. अट एवढीच होती की महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. पुढे ते हार्वर्डला गेले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकविली, आणि १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार काढला.

काशीच्या त्या अन्नछत्रात पालीचा पंडित घडविण्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. बडोद्याच्या महाराजांनीही महूला जन्मलेल्या मुलाची आणि सांकवाळच्या भटक्या अभ्यासकाची जात ताडून पाहिली नाही.

महाजनांच्या देवस्थानांतून विद्यार्थी-साहाय्याचे निधी चालतात, आणि त्यांमागील कष्ट मोठे आहेत. तथापि बहुधा दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात: अर्जदार महाजन वा कुळावी कुटुंबातला असावा, आणि अभ्यासक्रम वैद्यकीचा किंवा तंत्रविद्येचा असावा. त्यामुळे इतिहास वा समाजशास्त्र घेणारी महाजनाचीच मुलगी रांगेत मागे राहते. आणि जे पिढ्यान्‌पिढ्या पालखीला खांदा देतात, चौघडा वाजवितात, दिवट्या धरतात, अग्रशाळा झाडतात, त्यांची मुले रांगेत उभीच राहू शकत नाहीत. जत्रेच्या रात्री मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही. निधीतील निदान एक शिष्यवृत्ती सामाजिक शास्त्रांसाठी आणि एक सेवेकऱ्यांच्या मुलांसाठी राखली, तर मूळ दात्यांच्या इच्छेस बाध येईल असे मानण्याचे कारण नाही. नियमबदलाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे मांडता येईल. नव्या वर्षाचे प्रवेश जूनच्या सुमारास सुरू होतात. सभा त्यापूर्वी भरली, तर या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.