पिल्लांची ऊब आणि पिल्लांचा उजेड
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोंबडीपालन हा आपल्या ग्रामीण जीवनाला नवा विषय नव्हे. परसातील चार कोंबड्या हा गरिबाघरचा अडीअडचणीचा आधार होय. या आधाराला व्यवसायाचे रूप यावे म्हणून जिल्हास्तरीय योजनांमधून एकदिवसीय शंभर पिल्लांचे गट लाभार्थींना दिले जातात. हे गट देताना पिल्ले काटेकोरपणे मोजली जातात; परंतु चार आठवड्यांनी त्यांतील किती जगली, याची मोजदाद तितक्याच आस्थेने होते असे म्हणता येणार नाही. पिल्ले दगावतात ती बहुधा पहिल्या पंधरवड्यात, आणि त्यांतील पुष्कळशी रोगाने नव्हे, तर थंडीने, उपासमारीने किंवा एकमेकांखाली चेंगरून. हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत. म्हणूनच ब्रूडरमधील उजेड हा वरकरणी किरकोळ वाटणारा विषय मी आज आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम निसर्गाची व्यवस्था पाहू. खुडूक कोंबडी आपल्या पिल्लांसाठी दोन कामे करते. पंखांखाली घेऊन ती त्यांना ऊब देते आणि चोचीने दाणा टिपून, विशिष्ट आवाज काढून त्यांना खाणे शिकवते. पंखांखाली ऊब असते, पण अंधार असतो. दाणे टिपायला मात्र उजेड लागतो. म्हणजे ऊब आणि उजेड या दोन वेगळ्या गरजा आहेत. ब्रूडरमध्ये आई नाही. तेथे पंखांचे काम उष्णतेने आणि चोचीचे काम उजेडाने करावयाचे असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

आजवर साधा तारेचा दिवा ही दोन्ही कामे एकदम करीत असे. त्याला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि उजेड थोडाच मिळतो. घरात हा दोष असेल, ब्रूडरमध्ये तो गुण होता. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. परंतु त्याच्यापासून पिल्लाला ऊब मिळत नाही. विजेची बचत म्हणून ब्रूडरमध्ये तो लावला, तर पिल्ले लख्ख उजेडात गारठून मरतात, आणि 'दिवा तर रात्रभर चालू होता' असे लाभार्थी प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा एलईडी उजेडासाठी अवश्य वापरावा. उष्णतेची सोय मात्र निराळी करावी.

ती किती असावी? पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करीत न्यावे. तारेच्या दिव्यांनी ऊब द्यावयाची असेल, तर उन्हाळ्यात पिल्लामागे एक वॅट व थंडीत दोन वॅट हा ढोबळ हिशेब आहे. शंभर पिल्लांना हिवाळ्यात दोनशे वॅट लागतील. म्हणजे चोवीस तासांत ४.८ युनिट वीज खर्च होईल. दोनशे वॅटचा एकच दिवा लावण्याऐवजी लहान दिवे तीन-चार लावावेत. एखादा मध्यरात्री गेला तरी बाकीचे निभावून नेतात. दिवा वायरीवर न लोंबकळता साखळीने पक्का टांगावा. तो भाताच्या तुसावर पडल्यास आगीला निमंत्रणच होय.

तापमापक नसला तरी पिल्लेच तापमान सांगतात. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करीत असतील, तर थंडी आहे. दिव्यापासून दूर जाऊन पंख सैल सोडून धापा टाकीत असतील, तर उष्णता अधिक आहे. एकाच बाजूला दाटली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. सर्वत्र विखुरलेली, खाणारी व मधूनच पेंगणारी पिल्ले दिसली, म्हणजे सर्व ठीक आहे.

आता उजेडाकडे वळू. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरते. म्हणून एकदिवसीय पिल्लांचा दूरचा प्रवास शक्य होतो. परंतु ही शिदोरी संपण्यापूर्वी त्याला पाणी व खाद्य सापडले पाहिजे. यासाठी पहिले तीन दिवस, दिवसाचे चोवीस तास धरून, तेवीस तास उजेड ठेवावा. तो ब्रूडरच्या कानाकोपऱ्यात पोहोचावा. वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका असावा. तुसावर कागद अंथरून त्यावर भरडा पसरावा. चोवीस तासांनी काही पिल्लांच्या गळ्याखालील अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपावी. शंभरात पंचाण्णव पिल्लांची पिशवी भरलेली व मऊ लागली पाहिजे. ती रिकामी असेल, तर उजेड, ऊब किंवा पाणी यांपैकी काहीतरी कमी पडले आहे.

उरलेला एक तास अंधार कशासाठी? ज्या पिल्लांनी अंधार कधी पाहिलाच नाही, ती वीज जाताच बिथरतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आपल्याकडील वीजपुरवठ्याचा अनुभव पाहता हा धोका काल्पनिक नाही. रोज ठरावीक वेळी तासभर अंधार केला, तर पिल्ले त्याला सरावतात. शिवाय अंधार ही विश्रांती आहे. म्हणून तिसऱ्या दिवसानंतर उजेडाचे तास क्रमाक्रमाने कमी करावेत. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशानुसार मांसल कोंबड्यांना सातव्या दिवसापासून दररोज किमान सहा तास अंधार द्यावा लागतो, आणि त्यांतील निदान चार तास सलग असावे लागतात. मात्र अंधार करताना ऊब बंद होता कामा नये. तारेचा दिवा मालवला की दोन्ही जातात, हे विसरू नये. यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक तापक, किंवा झाकलेली कोळशाची शेगडी उपयोगी पडते. शेगडीचा विषारी वायू कोंडू नये म्हणून वरच्या बाजूने हवा खेळती ठेवणे अत्यावश्यक आहे.

अंड्यांसाठी पाळलेल्या तलंगांच्या बाबतीत उजेडाला आणखी एक महत्त्व आहे. कोंबडीला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशानेही ती कळते, आणि तिची अंडी घालण्याची यंत्रणा त्यावरून हलते. पुण्यासारख्या ठिकाणी दिवस हिवाळ्यात सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरात जन्मलेली पिल्ले वाढत्या दिवसात वाढतात, अपक्व वयातच अंड्यावर येतात, लहान अंडी घालतात आणि काहींचे अंग बाहेर येते. म्हणून नियम असा की, वाढीच्या काळात उजेड वाढवू नये आणि अंड्याच्या काळात तो कमी करू नये. हिवाळी पिल्लांना सुरुवातीचा जादा उजेड कमी करीत १३ तासांवर आणून तेथेच स्थिर ठेवावे. अठराव्या आठवड्यापासून दर आठवड्याला अर्धा तास वाढवीत १६ तासांपर्यंत जावे.

आपण सर्वांनी यात काय करावे? पंचायत सदस्यांनी गट वाटण्यापूर्वी लाभार्थीच्या घरी वीज किती तास असते आणि ती गेल्यास पर्यायी ऊब कोणती, हे पाहावे. ब्रूडर आदल्या दिवशीच तापवून ठेवल्याची खात्री झाल्याखेरीज पिल्ले हाती देऊ नयेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तापमानाची व जगलेल्या पिल्लांची दैनिक नोंद ठेवून घ्यावी. विज्ञानाचा याहून जिवंत पाठ दुसरा नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालात 'वाटप केलेली पिल्ले' या रकान्याशेजारी 'अठ्ठाविसाव्या दिवशी जिवंत' असा एक रकाना आखावा.

शंभर पिल्लांचा गट शासनाच्या दप्तरी एक ओळ असते. ज्या बाईच्या अंगणात तो उतरतो, तिच्या दृष्टीने ती वर्षभराच्या मीठमिरचीची, मुलांच्या वह्यापुस्तकांची तरतूद असते. ती तरतूद पहिल्या पंधरवड्यातच मातीमोल होऊ न देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी मोठा खर्च नको. ऊब आणि उजेड यांतला फरक ओळखणारी, रात्री एकदा उठून ब्रूडरमध्ये डोकावणारी नजर हवी. ती नजर गावोगावी तयार करण्याचे काम आपण अंगावर घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.