दर मंगळवारी दोन तास

(गिरगावातल्या एका माजी विद्यार्थिनी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘कॉलेज संपून वर्षं झाली, आता समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं. काय करू?’ असं तुम्ही मला विचारलंत. गिरगावाला हा प्रश्न नवा नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. पैसे नव्हते, म्हणून सकाळी आपापल्या कामाला जाण्याआधी ही मंडळी बिनपगारी शिकवत. जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. दादाभाई नौरोजी त्या तरुणांपैकीच एक. मुली मिळवायला ते घरोघर फिरले. काही वडिलांनी तर त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली!

पुढे देणग्या मिळाल्या, पगारी शिक्षक आले. पण तोवर शाळा टिकली, ती रोज सकाळी कुणीतरी ठरल्या वेळी हजर राहिलं म्हणून.

मात्र एक गोष्ट खटकते. दादाभाईंचं नाव आपल्याला पाठ आहे. पण त्या पहिल्या मुलींची, त्यांना धीर करून शाळेत पाठवणाऱ्या आयांची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील? सेवा करणाऱ्याचं नाव राहतं, जिच्यासाठी सेवा केली ती ‘लाभार्थी’ होऊन जाते. हे आपण तरी टाळायला हवं.

आता आमच्या केंद्रातली गोष्ट सांगते. तिथे दर मंगळवारी एक बाई यायची. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती आमच्या एका तरुण, पदवीधर कार्यकर्तीशी बोलू लागली होती. कार्यकर्तीला नोकरी लागली आणि ती न सांगता यायची बंद झाली. पुढच्या मंगळवारी ती बाई बाकावर बसून राहिली. मी विचारल्यावर म्हणाली, “ताई, आता परत पहिल्यापासून सांगायचं का?” चूक त्या मुलीची एकटीची नव्हती. काम दुसरीकडे सोपवायची पद्धतच आम्ही घालून दिली नव्हती.

म्हणून सांगते, जुने कपडे आणि दिवाळीचा फराळ नको. आठवड्यातले दोन तास द्या, पण निदान वर्षभर द्या. आधी शिकून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा वाचा. कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हे तिला सोप्या मराठीत सांगता आलं पाहिजे. पोलीस ठाण्यात तिच्यासोबत बसा, पण तिच्याऐवजी बोलू नका. ‘जमवून घे’ असा सल्ला देऊ नका, ‘सोडून दे’ असाही देऊ नका. निर्णय तिचा. आणि जाताना वहीत सगळं नोंदवून दुसरीच्या हाती द्या.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात रोज बसू लागल्या. पुढे हे काम सरकारने उचललं, जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. रोज हजर राहण्यातून असं काही उभं राहतं.

तुमची पदवी तुमची एकटीची नाही. कुणीतरी जिना चढून दार वाजवलं, कुणा आईने ते उघडलं, म्हणून ती मिळाली. वही मी सोबत आणली आहे. नाव लिहा, आणि नावापुढे वार लिहा.