तरंगती कडी आणि नागपूरचा उन्हाळा



शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक मॉडेल हमखास दिसतं. उभ्या पेन्सिलीत दोन चुंबकी कड्या ओवलेल्या, सजातीय ध्रुव समोरासमोर, आणि वरची कडी अधांतरी. ती किती उंचीवर थांबेल हे आधीच सांगता येईल का, असं विचारलं की मात्र मुलं गुरुजींकडे बघतात आणि गुरुजी कडीकडे!

कडी 50 ग्रॅमची असेल, तर तिला तोलायला सुमारे अर्धा न्यूटन बळ हवं. तेवढं प्रतिकर्षण जिथे मिळेल, तिथे ती थांबणार. अंतर वाढलं की बळ कसं घटतं, एवढंच कळायला हवं. कुलोम यांनी 1785 मध्ये दाखवलं, की दोन ध्रुवांमधलं बळ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पण सुटा ध्रुव कुणाच्या हाती लागत नाही. समोरासमोरचे ध्रुव ढकलतात, तर एकाचा पुढचा आणि दुसऱ्याचा मागचा एकमेकांना ओढतात. ही वजाबाकी झाल्यावर, लहान चुंबक पुरेसे दूर असतील तर, बळ अंतराच्या चौथ्या घाताने घटतं. अंतर दुप्पट केलं की बळ सोळावा हिस्सा उरतं.

कड्या जवळ आल्या की हेच सूत्र उत्तर फार फुगवून सांगतं. तिथे आकार आणि जाडी महत्त्वाची ठरते. म्हणून अभियंते चुंबकाचे बारीक तुकडे कल्पून संगणकाकडून बेरीज करून घेतात. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. काट्यावर लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर चुंबक काट्यातल्या लोखंडालाच ओढेल. ठोकळ्यावर एक कडी चिकटवा, काटा शून्यावर आणा आणि दुसरी कडी वरून हळूहळू खाली आणत ग्रॅम लिहून घ्या. 100 ग्रॅम म्हणजे जवळजवळ 1 न्यूटन.

आता ती पेन्सिल. ती रंगवून लपवतात, हे मला अजिबात पटत नाही. सॅम्युएल अर्नशॉ यांच्या 1842 च्या सिद्धांतानुसार, नुसत्या स्थिर चुंबकांच्या बळावर दुसरा चुंबक अधांतरी स्थिर राहूच शकत नाही. बळाचा हिशेब बरोबर असला तरी पेन्सिलीशिवाय कडी बाजूला घसरणारच. मग चुंबकांवर तरंगणारी रेल्वेगाडी? जपानच्या ज्या गाडीने 2015 मध्ये ताशी 603 किलोमीटर वेग गाठला, तिच्यात अतिवाहक चुंबक आहेत, त्यांच्या गतीमुळे मार्गातल्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि तीच गाडीला तोलते; म्हणजे तिथले चुंबक स्थिर नसतात. वेग कमी असताना तीही चाकांवरच धावते.

राहिला आपला नागपूरचा उन्हाळा. जुन्या स्पीकरमधली काळी फेराइटची कडी तापताना दर अंशाला सुमारे 0.2 टक्के चुंबकत्व गमावते. जानेवारीतले 15 अंश आणि मे महिन्यातले 45, म्हणजे 6 टक्के घट. ही घट दोन्ही कड्यांत होते, म्हणून बळ जवळपास 12 टक्के कमी! पण चौथ्या घातामुळे उंचीवर परिणाम थोडा होतो. 3 सेंटिमीटरवरची कडी सुमारे 1 मिलिमीटर खाली येते. गार झाली की ती पूर्ववत होते. निओडिमियमची घट याच्या निम्मी असते, पण साध्या प्रतीचं निओडिमियम 80 अंशांपुढे कायमचं कमकुवत होऊ लागतं. ते उन्हात उभ्या मोटारीत विसरू नका.

तेव्हा मुलांनो, मोजमापाच्या तक्त्यात अंतर आणि ग्रॅमच्या शेजारी तापमानाचाही एक रकाना आखा. आणि पेन्सिल लपवू नका.