'जरी' गेला तरी 'तरी' राहतोच



ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर उभा असलेला माणूस 'स्टेशनला जाणारी बस गेली का?' असं विचारतो. 'जी बस स्टेशनला जाते ती गेली का?' असं विचारणारा सहसा सापडायचा नाही. सापडलाच तर तो व्याकरणाचा तास घेऊन नुकताच बाहेर पडलेला शिक्षक असेल. इंग्रजीची उपवाक्यं आपण शिकवतो ती मात्र या दुसऱ्या माणसाच्या पद्धतीनं. आधी 'हू', 'विच', 'दॅट', 'ऑल्दो' या शब्दांची यादी, मग प्रधान वाक्य, गौण वाक्य, आणि शेवटी 'सूचनेप्रमाणे बदल करा'. विद्यार्थ्याच्या तोंडात जे वाक्य आधीपासून तयार आहे, त्याच्याकडे या सगळ्यात कुणी बघत नाही. इंग्रजी वाक्यरचनेचा धडा तिथूनच सुरू व्हायला हवा, एवढंच मला आज मांडायचं आहे.

केवल, मिश्र, संयुक्त ही नावं मुलं मराठीच्या तासालाही शिकतात. 'तो आल्यावर मी निघालो' हे मराठीच्या पुस्तकाप्रमाणे केवल वाक्य, कारण विधान पुरं करणारं क्रियापद एकच. तेच इंग्रजीत 'आय लेफ्ट आफ्टर ही केम' झालं की मिश्र. अर्थ तसूभर हलला नाही, जात तेवढी बदलली. म्हणजे ही जात अर्थाची नाही, त्या त्या भाषेच्या बांधणीची आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण रचलं तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, त्यामुळे दोन्ही तासांना सारखीच परिभाषा ऐकू येते आणि आतली बांधणीही सारखीच असणार असा समज होतो. खुद्द इंग्रजीतही उपवाक्य कशाला म्हणायचं हा हिशेब कायमचा ठरलेला नाही. रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक 'गोइंग टू द स्टेशन' याला उपवाक्य मानत नाही, निव्वळ पदबंध मानतं. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५चं मोठं व्याकरण मात्र त्याच शब्दांना उपवाक्याचा दर्जा देतं. हा दुसरा हिशेब आपल्या कामाचा आहे, कारण मराठी माणूस बहुतेक उपवाक्यं 'जाणारी', 'आल्यावर', 'वाचलेलं' अशाच रूपांत बोलतो.

आता वह्यांतल्या चुका पाहा. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मॅच कंटिन्यूड.' लाल शाईनं 'बट' खोडला जातो आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो. तो 'जरी'च्या पाठोपाठ येणारा 'तरी' आहे. मराठीत 'जरी' गाळला तरी चालतो, 'पाऊस पडत होता तरी सामना चालू राहिला'. 'तरी' गाळून चालत नाही. इंग्रजीत नेमकं उलटं. 'जर–तर'चं 'इफ–देन' खपून जातं, कारण इंग्रजीला तिथे 'देन' चालतं, आणि मुलाला वाटतं की जोडी सगळीकडेच चालते. बरं, 'ऑल्दो'पुढे 'येट' चालतो, मग 'बट' का नको? 'बट' दोन बरोबरीची वाक्यं जोडतो. 'ऑल्दो'नं एकाला गौण केल्यावर जोडायला बरोबरीचं उरतं काय? 'येट' क्रियाविशेषणासारखा वागतो, म्हणून निभावतो. ही दोन मिनिटांची गोष्ट खोडाखोडीपेक्षा जास्त काम करते. तसंच 'आम्ही राहायचो ती चाळ' याचं. पुरं वाक्य 'ज्या चाळीत आम्ही राहायचो ती'. 'ज्या चाळीत' गेलं की 'त'ही गेला आणि कुणाचं काही अडलं नाही. इंग्रजीत 'विच' गेला तरी 'इन'ला शेवटी उभं राहावंच लागतं, 'द चाळ वी लिव्ह्ड इन', आणि नेमका तोच मुलं विसरतात.

यावर आक्षेप येतो की इंग्रजीच्या तासाला मराठी आणूच नये. पण ती आणावी लागत नाही, आलेलीच असते. तो 'बट' दुसऱ्या कुठल्या दारानं आला? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ठाण्याच्या वर्गात सगळ्यांची घरची भाषा मराठी नाही. खरं आहे. पण हिंदीत 'जो–वह' आहे, 'यद्यपि–तथापि' आहे. गुजरातीतही 'जे–ते' आहे. या भाषांच्या मुलांना हाच धडा थोड्या फरकानं लागू पडतो. परीक्षेचा मुद्दा राहतो. 'नो सूनर–दॅन'चं रूपांतर घोकून गुण मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते गुण मिळवणारा मुलगा ती रचना स्वतःहून एकदाही वापरत नसेल, तर आपण शिकवलं ते रूपांतर, वाक्य नव्हे. सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं मिळतात. त्यामुळे वेळ कमी पडतो ही तक्रार मला मान्य नाही.

तेव्हा शिक्षकमित्रांना एकच विनंती. पुढच्या वेळी उपवाक्यं शिकवायला घ्याल तेव्हा 'हू–विच'ची यादी थोडी बाजूला ठेवा, फळ्यावर 'आम्ही राहायचो ती चाळ' लिहा, आणि यातला 'त' कुठे गेला ते मुलांना शोधू द्या.